प्रश्न नाही, सूचना आहे

सोसायटीच्या वार्षिक सभेत माझा नंबर बहुतेक सातवा असतो. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, मग हिशेब, मग ऑडिटरची नेमणूक, मग थकबाकी, मग गळती, मग पार्किंग, आणि त्यानंतर 'गच्चीवर सौर ऊर्जा प्रकल्प बसवण्याबाबत विचार करणे'. यातलं 'विचार करणे' नीट वाचून ठेवावं. बसवायचा कुणाचा इरादा आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तोवर दीड तास उलटलेला असतो. माणसं आपापसांत भांडून दमलेली असतात, पण समाधान झालेलं नसतं, कारण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी उद्या लिफ्टमध्ये गाठ असते. अशा वेळी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक परका माणूस लॅपटॉप घेऊन समोर उभा राहतो. त्याच्याशी लिफ्टमध्ये कधीच गाठ पडणार नसते.

तो परका माणूस मी. गेली बारा वर्षं पुण्यातल्या सोसायट्यांना सोलर विकतोय. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी असं सहकार कायदा सांगतो, आणि आपल्या सोसायट्या कायदा पाळतात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या दोन रविवारी पाळतात. त्या दोन रविवारी माझी अवस्था गणेश चतुर्थीच्या सकाळी गुरुजींची असते तशी. एका घरी आरती चाललेली, दुसऱ्या घरून फोन, तिसऱ्या घरचं माणूस दारात स्कूटर घेऊन उभं.

सभेची वेळ दहाची. दहाला हजर कोण, तर चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन आणि मी. उपविधींप्रमाणे गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांत जो आकडा लहान असेल तेवढे लागतात. तेवढे नसले की सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग त्याच जागी, गणपूर्तीची अट न ठेवता, पुन्हा भरते. ही तरतूद सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात कुणी म्हणजे कुणी फिरकत नाही. इतक्या काटेकोरपणे पाळला जाणारा दुसरा नियम मी पाहिलेला नाही.

ज्या सभेबद्दल सांगतोय ती अठ्ठेचाळीस फ्लॅटांच्या एका सोसायटीतली. दोन लिफ्ट, दोन पंप, चार मजले आणि वर गच्ची. पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर लावून तिथे मांडववाल्याच्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. पडदा म्हणून सेक्रेटरींनी घरची डबल बेडची चादर दोन खांबांना बांधली होती. चादरीवर मोर होते. मोठे, पिसारा फुलवलेले, ओळीनं सहा.

पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आलं तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांसाठी काळी-पांढरी पानं काढून देणं एवढंच त्याचं काम होतं. त्या मंडळींच्या डोळ्यांसमोर काय काय असेल ते असो, मोर नक्की नसणार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. या गच्चीवर साधारण दोन हजार चौरस फूट मोकळी जागा, म्हणजे वीस किलोवॅट, म्हणजे ३,६०,००० रुपये. माझ्या अख्ख्या प्रेझेंटेशनमधला हाच काय तो हुकमाचा पत्ता. तो नेमका तिसऱ्या मोराच्या पिसाऱ्यावर पडला आणि शेवटचं शून्य डोळ्यांत डोळे मिसळून गेलं.

"छत्तीस हजारांसाठी एवढा खटाटोप?" मागून आवाज आला.

मी चादर हातानं ताणून धरली. शून्य दिसलं, पण आता पहिला तीन गेला. "साठ हजार," दुसरा आवाज म्हणाला. "आत्ताच छत्तीस म्हणाले होते." पुढची पाच मिनिटं मी त्या चादरीपुढे पदर सावरणाऱ्या नटासारखा उभा होतो.

आमच्या कंपनीनं मला एकदा आक्षेप हाताळण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. अंधेरीचं हॉटेल, गारठवणारा एसी, दर दीड तासानं कुकीज. शिकवणारे गृहस्थ कोट घालून फिरत फिरत सांगत होते, की आक्षेप हा नकार नसतो. जो आक्षेप घेतो त्याला माल हवा असतो, ज्याला नको असतो तो गप्प बसतो. मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, या हिशेबानं पुण्याइतकं खरेदीला आसुसलेलं गाव जगाच्या पाठीवर नसेल.

शिबिरातलं मुख्य हत्यार होतं 'फील, फेल्ट, फाउंड'. विक्रीच्या धंद्यातलं जुनं आणि नावाजलेलं. समोरच्याला सांगायचं की तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय. अमक्यालाही आधी असंच वाटलं होतं. पण नंतर त्याला अनुभव असा आला, की वगैरे. अंधेरीत आम्ही एकमेकांवर हे करून पाहिलं तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले होते. पुण्यात मी ते पहिल्यांदा मराठीतून काढलं.

"काका, तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय. आमच्या आणखी एका सोसायटीतल्या काकांनाही आधी असंच वाटलं होतं. पण बसवल्यावर त्यांना..."

"कुठली सोसायटी?"

"कर्वेनगरला."

"कर्वेनगरला कुठे?"

मी सांगितलं.

"काकांचं नाव?"

तेही सांगितलं.

"लावा फोन."

"स्पीकरवर घ्या," शेजारच्या बाई म्हणाल्या.

सुदैवानं काका खरे होते. दुर्दैवानं त्यांनी फोन उचलला. बिल उतरलं हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. "पण बरं झालं तुम्हीच फोन केलात," ते पुढे म्हणाले, "इन्व्हर्टरवर लाल दिवा लागून तीन आठवडे झाले, तुमचा माणूस उद्या येतो म्हणतो तो उद्या कधी आहे?" स्पीकर उत्तम होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

याहून मोठा अपघात 'पार्किंग लॉट'चा. विषयाला सोडून प्रश्न आला की तो उडवून लावायचा नाही, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा आणि म्हणायचं, हा आपण पार्किंग लॉटमध्ये ठेवू या. असं शिबिरात शिकवलेलं. एका गृहस्थांनी मला पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं आणि मी बेसावधपणे, हसतमुखानं, ते वाक्य बोलून गेलो.

कुठे बोललो, तर पार्किंगमध्ये. कधी, तर विषय क्रमांक ६ नुकताच कसाबसा मिटला असताना.

"काय ठेवणार पार्किंगमध्ये?" दुसऱ्या मजल्यावरचे एकजण उठले. "आधीच स्टिल्टमध्ये यांची दुसरी गाडी उभी असते!"

"माझी गाडी अलॉटमेंट लेटरप्रमाणे उभी असते!"

"लेटर दाखवा!"

"चेअरमनसाहेब, तुमचे सोलरचे पॅनेल पार्किंगमध्ये ठेवायला माझा विरोध आहे, इतिवृत्तात नोंद घ्या!"

पुढची वीस मिनिटं मी मोरांशेजारी उभा राहून एक कप चहा आणि चार वेफर्स संपवले. सेक्रेटरींनी ती नोंद घेतली आहे. 'सोलर पॅनेल वाहनतळात ठेवण्यास विरोध' असं आज त्या इतिवृत्तात वाचायला मिळेल.

बारा वर्षांत प्रश्नांच्या सुरुवातीवरून त्यांची लांबी ओळखता यायला लागली आहे. 'माझा एक छोटासा प्रश्न आहे' म्हणजे सात मिनिटं. 'प्रश्न नाही, सूचना आहे' म्हणजे आरोप. 'मी जरा उशिरा आलो, पण' म्हणजे पहिल्या स्लाइडपासून. सगळ्यात घातक म्हणजे 'मला यातलं फारसं कळत नाही, पण'. असं म्हणणाऱ्या माणसाला त्यातलं सगळं कळत असतं, आणि नसेल तर त्याच्या भाच्याला कळत असतं. भाचा याच धंद्यात असतो आणि यापेक्षा स्वस्तात करून देतो.

नेहमीचे प्रश्न मला आता झोपेत विचारले तरी चालतील. पावसाळ्यात काय? कमी येते, पण येते. वर्षाची सरासरी किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरा. माल चीनचा का? अनुदान हवं तर सेल आणि पॅनेल दोन्ही भारतातलेच लागतात. धूळ? महिन्यातून दोनदा पाण्यानं धुवायचे. माकडं? त्याला उत्तर नाही, माकडांचं प्रेझेंटेशन वेगळं करावं लागतं. आणि 'आम्ही लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार आहोत'. हे मी काही सोसायट्यांत सलग आठ वर्षं ऐकतोय. तेवढ्यात पॅनेलचे पैसे वसूल होऊन वर फायदाही पडला असता, हे तोंडापर्यंत येतं, गिळतो.

मध्यंतरी मला वाटलं, की हे अंधेरीचं शास्त्र सोडावं आणि आपल्या जुन्या लोकांनी काय केलं ते पाहावं. आपल्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट आपणच सांगायचं. मग त्याचं खंडन करायचं आणि शेवटी सिद्धान्त. कल्पना नामी होती. एका सभेत मी पहिली दहा मिनिटं सोलर का बसवू नये हेच सांगितलं. आजचा खर्च, गच्चीचा वापर, इन्व्हर्टरचं आयुष्य पॅनेलपेक्षा कमी, शेजारच्या नव्या टॉवरची पडू शकणारी सावली. एक मुद्दा सोडला नाही. लोक प्रथमच शांतपणे ऐकत होते, माना डोलवत होते. मी पाणी प्यायला थांबलो, तेवढ्यात चेअरमन उठले, "अत्यंत प्रामाणिक माणूस" म्हणून त्यांनी माझे आभार मानले आणि विषय क्रमांक आठ पुकारला. खंडन अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे.

पण मोरांच्या सभेकडे परत येऊ. पार्किंग शांत झाल्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. वय सत्तरीचं, नऊवारी नाही पण आवाज नऊवारी.

"तुम्ही गच्चीला भोकं पाडणार. माझ्या बेडरूमला आधीच ओल आहे."

मी सांगितलं, की स्लॅबला एकही भोक पडणार नाही. काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे, त्यांच्यावर सांगाडा उभा राहतो, वजनानं बसतो.

"मग स्लॅबला वजन होणार."

वजनाचा हिशेब दाखवला. एक पॅनेल सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं, आणि ते सगळ्या गच्चीवर पसरलेलं. काकूंनी हिशेब ऐकला, मान्य केला आणि खाली बसल्या नाहीत.

"वाळवणं कुठे घालायची?"

सांगाडा आठ फूट उंच करता येतो, खालून माणूस सरळ चालू शकतो, असं म्हणालो. म्हणालो आणि जीभ चावली, कारण खाली सावली पडते, आणि सावलीत पापड वाळवणारी सोसायटी मला अजून भेटायची आहे. काकूंनी ते लगेच हेरलं. पण गंमत म्हणजे त्यावरही जोर धरला नाही. "हल्ली कोण घालतंय म्हणा," असं स्वतःच म्हणाल्या. आणि तरी उभ्याच.

अशा वेळी बारा वर्षांच्या उन्हातान्हातून आलेली एक गोष्ट माझ्या कामाला येते. तीन उत्तरं पटून माणूस बसत नसेल, तर त्यानं अजून खरा प्रश्न विचारलेलाच नाही. माझी नजर काकूंच्या हाताकडे गेली. हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्यात एक पितळी, भली मोठी, लाल दोरा बांधलेली.

"काकू, गच्चीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. वीस वर्षं." पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "केबलवाला असो, टाकी धुणारा असो, मला सांगितल्याशिवाय कुणी वर जात नाही."

"मग पॅनेल धुवायला येणारी आमची मुलंही किल्ली तुमच्याकडूनच घेतील. आणि परत तुमच्याकडेच देतील. सही करून."

"रजिस्टर लागेल त्याला."

"मी देतो."

काकू बसल्या. ओल, वजन, पापड, सगळं त्या शंभर पानी रजिस्टरमध्ये मिटलं. अंधेरीला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि फी बावीस हजार होती.

आता पहिल्या रांगेतले आजोबा राहिले. ऐंशीच्या घरातले, मांडीवर डायरी, खिशाला दोन पेनं. सभेच्या सुरुवातीलाच मी 'महावितरण' म्हणालो तेव्हा त्यांनी दुरुस्त केलं होतं, "मंडळ म्हणा." २००५ साली वीज मंडळाचे तुकडे झाले, त्याच्या आधी ते निवृत्त झाले होते, आणि ते तुकडे त्यांनी अद्याप मंजूर केलेले नाहीत. उन्हाळ्यात भरपूर वीज, असं मी मोघम बोलून गेलो तिथेही त्यांनी मला पकडलं.

"पॅनेलचं रेटिंग किती तापमानाला देतात?"

"पंचवीस अंशाला, सर."

"मे महिन्यात गच्चीवर पॅनेल किती तापतं?"

"साठच्या आसपास."

"मग तापलं की वीज वाढते का घटते?"

घटते. अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का. ऊन जास्त वेळ असतं म्हणून बेरीज सावरते एवढंच. त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं. शाळेत मास्तर पट उघडून लिहायचे तसं.

आणि मग सगळ्या प्रेझेंटेशन्समध्ये शेवटी येतो तो प्रश्न आला. तिसऱ्या रांगेतल्या एका तरुणानं, निरागसपणे, मोबाइलमधून मान वर करून विचारला.

"म्हणजे लाइट गेले की लिफ्ट सोलरवर चालेल ना?"

नाही. ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला प्रकल्प, वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. डोक्यावर टळटळीत ऊन, गच्चीभर पॅनेल, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. हे मी सांगितलं आणि सभेत जी शांतता पसरली तिला मी चांगला ओळखतो. तिच्यानंतर पाऊस असतो.

"म्हणजे लाखो रुपये घालून लाइट गेले की अंधारच?"

"मग उपयोग काय?"

"हे आधी का नाही सांगितलंत? सव्वा तास मोर दाखवताय!"

मी कारण सांगितलं. बाहेरची वीज गेलेली असताना आपला प्रकल्प चालू राहिला तर आपली वीज उलटी लाइनवर जाईल, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. म्हणून इन्व्हर्टर बंदच व्हायला लागतो, तसा नियमच आहे.

"आम्ही काय वायरमनसाठी वर्गणी काढायची?" कुणीतरी म्हणालं. मोठा हशा पिकला. मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला सुरुवात केली. फील, फेल्ट, फाउंड, सगळं संपलं होतं.

पहिल्या रांगेतून डायरी मिटल्याचा आवाज आला. आजोबा उठले, मागे वळले.

"कोण बोललं ते?"

कुणीच बोललं नव्हतं.

"माझ्या सेक्शनमध्ये एका दुकानदारानं जनरेटर लावला. चेंजओव्हर न करता. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी अकरा हजारांच्या लाइनवर गेली. परमिट घेऊन माझा माणूस वर चढला होता." ते क्षणभर थांबले. "वाचला. उजवा हात गेला. बावीस वर्षांचा होता."

रस्त्यावर लावलेल्या गाड्यांपैकी एकीचा अलार्म वाजत होता, तो कुणी बंद करायला गेलं नाही.

"तेव्हा बंद पडतं हे बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "लिफ्टला जनरेटर आहे आपला, तो डिझेल भरून ठेवा म्हणून मी तीन सभा सांगतोय. घ्या मतदान."

हात वर झाले. काकूंचा किल्लीसकट. मी छातीवर हात ठेवून आभार मानायला आजोबांकडे वळलो, तर ते डायरी उघडून उभे होते.

"दर जास्त लावलाय तुम्ही. अर्थिंगचे पैसे दोनदा धरलेत. पान चार आणि पान सहा."

धरले होते.

ठराव झाला, पण 'तत्त्वतः मंजूर' असा झाला. तत्त्वतः मंजूर म्हणजे काय ते ज्यांनी सोसायटीत आयुष्य काढलंय त्यांना सांगायला नको. पाचजणांची उपसमिती नेमली गेली. तिच्यात आजोबा, भाचेवाले गृहस्थ आणि पार्किंगवरून भांडलेले दोघेही होते. मी रजिस्टर दुसऱ्याच दिवशी काकूंना नेऊन दिलं. त्यात पहिली सही त्यांनी माझीच घेतली, गच्ची मोजायला वर गेलो म्हणून. वेळ, कारण, आणि परत आल्याची वेळ.

परवा सेक्रेटरींचा फोन आला. मी आवाजात मावेल तेवढा आनंद भरून "बोला साहेब" म्हटलं.

"उपसमितीची बैठक झाली. सगळ्यांचं मत चांगलं आहे. फक्त एक छोटीशी गोष्ट," ते म्हणाले, आणि मी खुर्चीत टेकून बसलो. "त्या दिवशी बरेच मेंबर नव्हते. जे नव्हते त्यांचे काही प्रश्न आहेत. येत्या रविवारी पुन्हा एकदा प्रेझेंटेशन कराल का? दहाला."

"करतो," म्हटलं. "साडेदहाला येतो."

"चालेल. आणि हो, या वेळी चादर बदलतोय. मिसेसनं नवीन काढलीय, फिकट आहे एकदम."

"प्लेन?"

"जवळपास. बारीक ठिपके आहेत."